पसारा डेस्कटॉपवर, दुखणे भलतीकडेच

संगणक सुरू झाला, की माउसचे उजवे बटण दाबायचे आणि ‘रिफ्रेश’ मारायचे. एकदा नव्हे, चांगले चार-पाच वेळा. शाळेच्या कार्यालयात, पतसंस्थेत, झेरॉक्सच्या दुकानात, घरी, जिथे जिथे विंडोजवर चालणारा संगणक आहे तिथे ही सवय दिसते. पडद्यावरची चित्रे क्षणभर नाहीशी होतात, पुन्हा उमटतात आणि संगणकाने जणू चेहऱ्यावर पाणी मारून घेतले, असे वापरणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात घडते ते एवढेच: ‘डेस्कटॉप’ नावाच्या फोल्डरमध्ये काय काय आहे हे संगणक पुन्हा एकदा पाहतो आणि ती यादी पडद्यावर नव्याने मांडतो. त्याने मेमरी रिकामी होत नाही, प्रोसेसरवरचा भार उतरत नाही आणि अडकलेला प्रोग्राम सुटतही नाही.

या समजुतीचे सख्खे भावंड म्हणजे ‘डेस्कटॉपवर फार पसारा झालाय, म्हणून संगणक स्लो झाला’ हे निदान. ते दुरुस्तीला आलेला माणूस करतो, कार्यालयातला जाणकार सहकारी करतो, सुटीत घरी आलेला भाचाही करतो. ऐकणाऱ्याला ते पटते, कारण घरचा अनुभव तसाच असतो. खोलीत सामान वाढले, की वावरायला जागा उरत नाही. ओट्यावर भांडी साचली, की स्वयंपाकाला वेळ लागतो. संगणकाचेही तसेच असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे.

पण हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते. चुकीच्या निदानाचा जो तोटा वैद्यकात होतो, तोच इथेही होतो: औषध भलत्याच जागी लागते आणि मूळ आजार तसाच राहतो. शिवाय डेस्कटॉपच्या पसाऱ्यात एक खरा धोका आहे. तो वेगाचा नाही, वर्षानुवर्षांचे काम एका दुपारी नाहीसे होण्याचा आहे. वेगाच्या गप्पांमध्ये नेमका तोच झाकला जातो.

उपमा टेबलाची, वस्तू वेगळी

डेस्कटॉप या शब्दाचा साधा अर्थ टेबलाचा पृष्ठभाग. संगणकाच्या पडद्याला लिहायच्या टेबलाचे रूप द्यायचे, त्यावर कागदांसारख्या फाइली आणि कप्प्यांसारखे फोल्डर मांडायचे, ही कल्पना १९७०च्या दशकात अमेरिकेत, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात आकाराला आली. १९८१मध्ये बाजारात आलेल्या ‘झेरॉक्स स्टार’ या यंत्रात ती प्रथम व्यापारी स्वरूपात दिसली. १९८३मध्ये ‘ॲपल लिसा’, १९८४मध्ये ‘मॅकिंटॉश’ आणि १९९५मध्ये ‘विंडोज ९५’ यांनी ती जगभर नेली. आज्ञा पाठ करून टंकलिहिण्याऐवजी चित्रावर बोट ठेवावे तसे काम करता येऊ लागले. संगणक कारकुनापासून विद्यार्थ्यापर्यंत सर्वांचा झाला, त्यात या उपमेचा वाटा मोठा आहे.

उपमा सोयीची असली, तरी ती वस्तूचे खरे रूप सांगतेच असे नाही. खऱ्या टेबलावर ठेवलेला गठ्ठा टेबलाची जागा खातो. संगणकाच्या डेस्कटॉपवर ‘ठेवलेली’ फाइल मात्र पडद्यात नसते, मेमरीतही नसते. ती इतर कोणत्याही फाइलीप्रमाणे डिस्कवर असते. विंडोजमध्ये डेस्कटॉप हा सी ड्राइव्हवरच्या, वापरणाऱ्याच्या नावाच्या फोल्डरमधला एक साधा उपफोल्डर आहे. एवढेच, की त्याच्यातला ऐवज संगणक कायम पडद्यावर चित्ररूपाने मांडून ठेवतो. दोन जीबीचे लग्नाचे चित्रीकरण डेस्कटॉपवर ठेवले काय आणि ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवले काय, ते उघडेपर्यंत मेमरीला त्याचा भार नसतो. डेस्कटॉपवर असल्यामुळे जे जास्तीचे लागते, ते फक्त त्याचे छोटे चित्र आणि त्याखालचे नाव.

त्या चित्राचा भार किती, हे शालेय गुणाकाराने काढता येते. पडद्यावरचे मध्यम आकाराचे चिन्ह ४८ बाय ४८ ठिपक्यांचे असते. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी चार बाइट धरले, तर एका चिन्हाला सुमारे नऊ केबी लागतात. अशी २०० चिन्हे, म्हणजे पडदा काठोकाठ भरला, तरी बेरीज दोन एमबीच्या आतच राहते. याउलट, त्यांच्या मागे लावलेले देवाचे, नातवंडाचे किंवा सह्याद्रीच्या कड्याचे पूर्ण पडदाभर छायाचित्र १९२० बाय १०८० ठिपक्यांचे असते आणि त्याच हिशेबाने ते एकटेच आठ एमबी मागते. पसाऱ्याला बोल लावणाऱ्याने मागच्या चित्राला कधी दोष दिल्याचे ऐकिवात नाही. चिन्हे सर्वांत मोठ्या, २५६ बाय २५६ आकाराची केली, तरी २०० चिन्हांचे ५० एमबी होतात. चार जीबी मेमरीच्या जुन्या संगणकातही तो वाटा सव्वा टक्क्याच्या आसपास भरतो. ब्राउझरमध्ये उघडा राहिलेला एखादा टॅब याहून जास्त मेमरी सहज घेऊन बसतो.

मग हा समज आला कुठून?

तो निव्वळ वेडगळ नाही. विंडोज ९५ला किमान मेमरी लागायची ती चार एमबी. जीबी नव्हे, एमबी. त्या काळातले ३२ बाय ३२ ठिपक्यांचे, सोळा रंगांचे चिन्ह अर्धा केबी घेई. २०० चिन्हांचे १०० केबी, म्हणजे सगळ्या मेमरीचा चाळिसावा भाग. प्रोसेसर आणि पडद्याचे कार्डही संथ असल्यामुळे चिन्हे एकेक करून उमटताना डोळ्यांना दिसत. ‘जितकी चिन्हे जास्त, तितका वेळ जास्त’ हे तेव्हा समोर दिसणारे वास्तव होते. पुढे २००१मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने दर ६० दिवसांनी ‘डेस्कटॉपवर न वापरलेली चिन्हे आहेत, ती आवरायची का?’ अशी विचारणा सुरू केली. त्या सोयीचा हेतू टापटीप हा होता. पण संगणकच आवरायला सांगतो म्हटल्यावर त्यात त्याच्या तब्येतीचा काही संबंध असणार, असे लोकांनी धरले तर नवल नाही. ॲपलच्या त्या काळातल्या प्रणालीत तर डेस्कटॉपवरचे प्रत्येक चिन्ह एका छोट्या खिडकीसारखे हाताळले जाई. त्यामुळे शेकडो चिन्हे असली, की जुन्या मॅकवर फरक जाणवत असे. यंत्रे बदलली, मेमरी हजारपट झाली, सल्ला मात्र तसाच राहिला.

आजही काही परिस्थितींत डेस्कटॉपचा पसारा खरोखर वेग खातो आणि त्या सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. पहिली परिस्थिती मोठ्या कार्यालयांतली. काही ठिकाणी कर्मचारी कोणत्याही संगणकावर बसला, तरी त्याला आपलाच डेस्कटॉप दिसावा, अशी जोडणी केलेली असते. तिथे लॉगिन करताना त्याचा डेस्कटॉप सर्व्हरवरून उतरवला जातो आणि बाहेर पडताना परत चढवला जातो. अशा डेस्कटॉपवर कोणी चार जीबीची चित्रफीत ठेवली, तर सकाळी चहा पिऊन येईपर्यंत संगणक सुरू होत नाही. दुसरी परिस्थिती घरातली. अलीकडच्या विंडोज आणि मॅकमध्ये डेस्कटॉपची प्रत आपोआप क्लाउडवर जाण्याची सोय असते. ती सुरू असेल आणि इंटरनेट रडतखडत चालत असेल, तर डेस्कटॉपवर टाकलेल्या प्रत्येक मोठ्या फाइलीमागे ते चढवण्याचे काम लागते. तिसरी, बंद पडलेल्या किंवा कार्यालयाच्या नेटवर्कवरून काढून टाकलेल्या दुसऱ्या संगणकाकडे बोट दाखवणारे शॉर्टकट. त्यांचा पत्ता शोधण्यात संगणक अधूनमधून ताटकळतो. या तिन्हींत दोष चिन्हांच्या संख्येचा नाही; त्यांच्यामागे चाललेल्या ने-आणीचा किंवा शोधाशोधीचा आहे. पडद्यावर दहाच चिन्हे असली, तरी हे घडू शकते.

खरे दुखणे कुठे असते

बहुतेक ‘स्लो’ संगणकांचे दुखणे चार-पाच ठरावीक ठिकाणी सापडते. पहिले ठिकाण म्हणजे फिरती हार्ड डिस्क. नेहमीच्या वापरातली डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद थांबावे लागते. ते टोक योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेल्या छोट्या फाइली वाचायच्या, तर सेकंदाला जेमतेम ऐंशी-शंभर वाचने होतात. संगणक सुरू होताना अशा हजारो फाइली वाचतो. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तिथे तेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होते. जुना संगणक एसएसडी बसवल्यावर ‘नवा झाला’ असे लोक म्हणतात, त्याचे कारण एवढे साधे आहे.

दुसरे ठिकाण अपुरी मेमरी. ती भरली, की संगणक मेमरीतला काही भाग डिस्कवर उतरवून ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. डिस्क फिरती असेल, तर या ये-जा करण्यातच सारा वेळ जातो. संगणक ‘हँग’ झाला म्हणतात, ते अनेकदा हेच असते. तिसरे, संगणकासोबत आपोआप सुरू होणारे प्रोग्राम: प्रिंटरचा, चॅटचा, व्हिडिओ बैठकीचा, अपडेट शोधणारा, कधी एकाच यंत्रात दोन-दोन अँटिव्हायरस. चौथे, काठोकाठ भरलेला सी ड्राइव्ह. त्यात तात्पुरत्या फाइलींना आणि अपडेटना जागा उरत नाही. आणि पाचवे, धूळ. पंखा आणि धातूच्या पट्ट्या धुळीने बुजल्या, की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. उन्हाळ्यात दुपारी संगणक रेंगाळतो आणि सकाळी बरा असतो, तेव्हा हे कारण तपासण्यासारखे असते.

यांपैकी कोणतेही कारण डेस्कटॉप आवरून बरे होत नाही. सी ड्राइव्ह भरला आहे म्हणून डेस्कटॉपवरच्या फाइली ‘डॉक्युमेंट्स’मध्ये हलवल्या जातात, पण दोन्ही फोल्डर त्याच ड्राइव्हवर असतात. अशा वेळी फाइलीतली माहिती जागची हलतही नाही. ती कोणत्या फोल्डरखाली दाखवायची, एवढी नोंद बदलते. म्हणूनच दहा जीबीचे फोल्डर क्षणात ‘हलते’. रिकामी जागा एका बाइटनेही वाढत नाही. फाइल पुसली, तरी ती रिसायकल बिनमध्ये जाते आणि बिन रिकामी करेपर्यंत तेवढीच जागा अडवून बसते. डाव्या कोपऱ्यात बाण असलेले चिन्ह हा तर नुसता शॉर्टकट, एक-दोन केबींचा पत्ता. तो पुसला म्हणून प्रोग्राम जात नाही. उलट, बाण नसलेले चिन्ह ही खरी फाइल असते. ती शॉर्टकट समजून पुसली, की काम गेले.

ही गोष्ट केवळ तांत्रिक अज्ञानाची असती, तर सोडून देता आली असती. पण ‘तुमच्या पसाऱ्यामुळे संगणक स्लो झालाय’ या वाक्यात एक आरोप आहे आणि तो साधारणपणे सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसावर होतो. फिरती डिस्क आणि चार जीबी मेमरी असलेली यंत्रे कार्यालय घेते, ती आठ-दहा वर्षे चालवते, त्यांवर दरवर्षी अधिक जड सॉफ्टवेअर चढवते. आणि खिडकीपुढे रांग लांबली, की दोष लिपिकाच्या गबाळेपणाला मिळतो. बिचारा शनिवारी थांबून डेस्कटॉप आवरतो. सोमवारी संगणक तितकाच संथ असतो. मग ‘मशीनच बाद झाले’ असा शेरा पडतो आणि थोड्या खर्चात सुधारू शकणारे यंत्र भंगारात जाते. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे सहा कोटी वीस लाख टन ई-कचरा तयार झाला, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद त्याच्या पाव हिश्शाचीही नाही. या ढिगाऱ्यात चुकीच्या निदानाने बाद ठरलेली यंत्रेही असणारच.

यंत्र थकत नाही, माणूस थकतो

पसारा निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नाही. त्याचा भार पडतो तो पडद्याच्या अलीकडे बसलेल्या मेंदूवर. एखादी गोष्ट गर्दीत शोधायला किती वेळ लागतो, हा मानसशास्त्रातला जुना प्रश्न आहे. ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांनी १९८०मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, हवी असलेली वस्तू एखाद्या ठळक वैशिष्ट्याने, उदाहरणार्थ एकट्या लाल रंगाने, वेगळी असेल, तर ती गर्दीतही झटकन नजरेत भरते. पण दोन-तीन वैशिष्ट्ये जुळवून ओळखायची असेल, तर लक्ष एकेका वस्तूवर न्यावे लागते आणि वस्तू जितक्या जास्त, तितका वेळ वाढत जातो. डेस्कटॉपवरच्या ऐंशी वर्ड फाइलींचे चिन्ह एकच, रंग एकच. फरक फक्त खालच्या बारीक नावात. तेही ‘नवीन’, ‘नवीन १’, ‘फायनल’, ‘फायनल खरे’ असे. डोळ्यांना यातले प्रत्येक नाव वाचत जावे लागते.

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या स्टेफनी मॅकमेन्स आणि सबिन कास्टनर यांनी २०११मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवले, की नजरेसमोर एकाच वेळी अनेक गोष्टी असल्या, की त्या दृष्टीशी संबंधित मेंदूच्या भागात जागेसाठी एकमेकींशी चढाओढ करतात. आणि हव्या त्या गोष्टीकडे लक्ष वळवून मेंदूला ती चढाओढ आवरावी लागते. हा प्रयोग संगणकाच्या डेस्कटॉपवर झालेला नव्हता, त्यामुळे त्यावरून मिनिटा-सेकंदांचे दावे करणे घाईचे होईल. पण गर्दीच्या पडद्यापुढे दिवसभर बसणाऱ्याला जो शीण येतो, त्याचा धागा इथे सापडतो.

साधा हिशेब मांडून पाहता येईल. एक फाइल शोधायला दहा सेकंद आणि दिवसात असे तीस शोध धरले, तर दिवसाला पाच मिनिटे झाली. वर्षाच्या २५० कामाच्या दिवसांत ती वीस तासांवर जातात, म्हणजे कामाचे जवळजवळ तीन दिवस. प्रोसेसर कितीही वेगवान आणला, तरी हे तीन दिवस परत मिळत नाहीत. ‘संगणक स्लो आहे’ या तक्रारीत हा वेळही नकळत मिसळलेला असतो.

तरीही डेस्कटॉपवर फाइली ठेवणाऱ्याला आळशी ठरवणे योग्य नाही. अमेरिकी संशोधक थॉमस मॅलोन यांनी १९८३मध्ये कार्यालयांतली खरी टेबले पाहून लिहिलेला शोधनिबंध या विषयातला पाया मानला जातो. काही माणसे कागद नीट फाइलींत लावतात, काही गठ्ठे करून ठेवतात, हे त्यांनी नोंदवलेच. पण गठ्ठ्यांचे एक कामही दाखवून दिले. समोर पडलेला कागद ‘हे व्हायचे आहे’ अशी आठवण देतो. कपाटात गेलेला कागद नजरेआड होतो आणि विसरला जातो. डेस्कटॉपवरच्या कोपऱ्यातली फाइल हेच काम करते. ओफर बर्गमन आणि स्टीव्ह व्हिटेकर या अभ्यासकांनीही दाखवले आहे, की आपल्या स्वतःच्या फाइली काढताना माणसे नाव टाकून शोधण्यापेक्षा ठरलेल्या जागी जाऊन उचलणेच पसंत करतात. स्वयंपाकघरात हिंगाची डबी कुठे आहे, हे जसे हाताला ठाऊक असते, तसेच हे आहे. म्हणून दुसऱ्याने येऊन डेस्कटॉप ‘आवरून’ दिला, की वापरणाऱ्याचे डोकेच फिरते. त्याच्या दृष्टीने तो पसारा नव्हता, नकाशा होता.

खरा धोका

हा नकाशा एका दुपारी पुसला जाऊ शकतो, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते. संगणक फारच संथ झाला, की आपल्याकडचा हुकमी उपाय म्हणजे ‘फॉरमॅट मारणे’: सी ड्राइव्ह पुसायचा आणि विंडोज नव्याने टाकायचे. डेस्कटॉप सी ड्राइव्हवर आहे. तिथली प्रत आधी काढून ठेवली नसेल, तर डेस्कटॉपवरचे सारे जाते. पाच वर्षांचे ताळेबंद, विद्यार्थ्यांच्या निकालपत्रांचे तक्ते, प्रबंधाचे लिहून झालेले प्रकरण, आजीच्या आवाजातल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण, यांतले काहीही त्यात असू शकते. दुरुस्ती करणाऱ्याने ‘महत्त्वाचे काही आहे का?’ विचारलेले असते आणि मालकाने ‘सगळे डेस्कटॉपवरच आहे’ म्हणून निश्चिंतपणे मान हलवलेली असते. डेस्कटॉप म्हणजे कुठे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

यावर ‘महत्त्वाचे ते डी ड्राइव्हमध्ये ठेवा’ असा सल्ला मिळतो. फॉरमॅटपुरता तो उपयोगी आहे, पण त्यावर विसंबणे धोक्याचे. बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच घरात भिंत घालून दोन खोल्या केल्या, तरी घर कोसळले की दोन्ही खोल्या जातात. डिस्क निकामी झाली किंवा खंडणी मागणारा व्हायरस शिरला, तर डी ड्राइव्हही वाचत नाही. आणि ज्या एसएसडीने वेगाचे दुखणे बरे होते, तिच्यात एक गोष्ट अधिक कठोर आहे. फिरत्या डिस्कवरची पुसलेली माहिती पुष्कळदा खास सॉफ्टवेअरने परत मिळवता येते; एसएसडीत मात्र पुसलेली जागा यंत्रणा स्वतःहून साफ करत असल्याने ती आशा बहुधा उरत नाही.

हा धोका आत्ता अधिक जवळ आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ला सुरक्षेची ठरावीक चिप लागते आणि जुन्या प्रोसेसरवर ते अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे जुनी यंत्रे बदलण्याची, विकण्याची, पुसून पुन्हा भरण्याची लाट घराघरांत आणि कार्यालयांत आली आहे. यंत्र बदलताना मालकाला आठवतो तो ‘डॉक्युमेंट्स’चा फोल्डर, डेस्कटॉप हा फोल्डर आहे, हेच त्याच्या मनात नसते.

तेव्हा सल्ला उलटा द्यायला हवा. संगणक संथ असेल, तर आधी डेस्कटॉपला हात लावू नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरी आणि डिस्क यांपुढचे आकडे पाहावेत. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल, तर एसएसडीचा विचार करावा. मेमरी भरलेली असेल, तर ती वाढवावी किंवा उघडे टॅब कमी करावेत. तिथल्याच ‘स्टार्टअप’ या भागात आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करता येतात. सी ड्राइव्हवर जागा किती उरली ते पाहावे, रिसायकल बिन रिकामी करावी. पंख्याची धूळ काढून घ्यावी.

डेस्कटॉप आवरायचा तो स्वतःच्या डोळ्यांसाठी आणि फाइली जपण्यासाठी. चालू कामाच्या दहा-बारा फाइली समोर असाव्यात. आठवण देण्याचे काम त्या उत्तम करतात. बाकीच्या वर्षाच्या नावाच्या एका फोल्डरमध्ये एकदम सरकवाव्यात. पहिल्याच दिवशी बारीक वर्गवारी करू गेले, तर ती पुरी होत नाही. नाव देताना ‘फायनल’ ऐवजी आधी वर्ष, मग महिना, मग दिनांक लिहावा. यादी आपोआप क्रमाने लागते. आणि संगणक दुरुस्तीला देण्याआधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स या तिन्ही फोल्डरांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून, ती उघडते का हे पाहून, मगच यंत्र हातातून सोडावे. महत्त्वाच्या कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा जगभर पाळला जाणारा नियम छोट्या पतसंस्थेलाही परवडतो. क्लाउडवरची एखादी प्रत त्यात धरता येते. पण क्लाउडची सोय फुकटात काही जीबींपुरतीच असते. ती भरली, की नव्या फाइली वर जायच्या थांबतात, हे लक्षात ठेवावे.

कार्यालयांची जबाबदारी याहून मोठी आहे. कर्मचाऱ्याला ‘पसारा आवरा’ म्हणणारे परिपत्रक काढणे सोपे असते. त्याच्या यंत्रात कोणती डिस्क आहे, मेमरी किती आहे, त्याच्या डेस्कटॉपची प्रत रोज कुठे जाते, हे विचारणे अवघड असते. कारण त्याचे उत्तर वरिष्ठांना द्यावे लागते. नागरिकांचे दाखले आणि विद्यार्थ्यांचे गुण जर एखाद्या लिपिकाच्या डेस्कटॉपवरच्या ‘नवीन फोल्डर ३’मध्ये एकाच प्रतीत पडून असतील, तर तो दोष त्या लिपिकाचा नव्हे, व्यवस्थेचा आहे.

रिफ्रेश मारणाऱ्या बोटांना ती सवय खुशाल राहू द्यावी. तिने नुकसान होत नाही. फक्त कधीतरी रिफ्रेश मारून झाल्यावर समोरच्या प्रत्येक चिन्हाकडे पाहून एक प्रश्न विचारावा: हे यंत्र उद्या सुरूच झाले नाही, तर यातले काय परत मिळेल? उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर त्या दिवसाचे पहिले काम फाइलींची प्रत काढणे हेच असायला हवे.